तारेवरचा ओला फोटो

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही… म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

गेल्या वर्षी वहिनीला घेऊन मी नळदुर्गहून एस.टी.नं सोलापूरच्या दवाखान्यात गेले. तिला महिन्यातले पंधरा दिवस रक्त जायचं. लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नव्हतं. निघतानाच आई म्हणाली, "फोटूत निघंल ते खरं. मूल होणार न्हाय म्हणली डॉक्टरीण, तर लेकाला माकणीची पोरगी दुसरी करून आणायची." दादानं पिशवी माझ्या हातात दिली. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून सोबतीला मला धाडलं. पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

वहिनी ते कसं घेणार? तिनं माझ्याकडं पाहिलं. मागं पुरुषांची रांग… माझा आवाजच फुटेना.

"अहो बाई, नुसतं नाव सांगा, उखाणा नको!" रांग हसली. त्यानं 'कमल, नळदुर्ग' एवढंच लिहिलं.

गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला. वहिनीला फार दुखलं, म्हणून इंजेक्शन देऊन झोपवलं. तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. तारेवर फोटो वाळत होता. त्या इंग्रजीत म्हणाल्या — दोन्ही नळ्या बंद आहेत, मूल होणं शक्य नाही.

तेवढ्यात अगदी कानाशी वहिनीचा आवाज आला. "वन्सं, ह्यो माझा न्हाय. इचारा."

वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

ठरवलं, विचारल्याशिवाय इथून हलायचं नाही.

"हा फोटो कुणाचा?"

"कमल, नळदुर्ग."

"नवऱ्याचं नाव?"

चिठ्ठीवर ते नव्हतंच. "तू मला माझं काम शिकवणार?" त्या चिडल्या. मी दारातच उभी राहिले. शेवटी त्यांनी रजिस्टर मागवलं. त्या सकाळी नळदुर्गच्या दोन कमल आल्या होत्या, आणि दोघींनीही नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोटो पुन्हा काढला. नळ्या मोकळ्या होत्या. गर्भाशयाच्या एका बाजूला मात्र कणकेत अंगठा दाबावा तसा खळगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी गाठ दिसते, कॅन्सर नाही. गाठ काढू, पिशवी राहील." हे मी घरी आईला मोठ्यानं, शब्दन्‌शब्द सांगितलं. माकणीला नकार गेला.

नर्स सांगते, वहिनी तेव्हा अंगणापलीकडच्या वॉर्डात गाढ झोपली होती. तो माझ्याच मनाचा आवाज म्हणावा, तर फोटो दुसरीचा आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

परवा भाकरी थापता थापता वहिनी थांबली. "वन्सं, त्या दुसऱ्या कमलसंगं कोण आलं हुतं?"

"तिची सासू."

"मी बोलले नसते, तर माझा फोटू तिच्या नावावर गेला असता, ती सुटली असती की."

"वहिनी, तुम्ही तर झोपेत होतात!"

"व्हय," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.