पार्सिपनीतलं क्रोशाचं कव्हर

शनिवार, १२ ऑक्टोबर १९८५. न्यूयॉर्कचा विमानतळ. हजर मंडळी: मी, मला न्यायला आलेला धाकटा भाऊ दीपक, त्याची बायको मीना, आणि दहा वर्षांची भाची नेहा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच सुचतं. सामान: दोन बॅगा, एक पिशवी. हरवलेलं: काही नाही.

या मंडळींना भेटण्याआधी कस्टम्सच्या अधिकाऱ्याने मला थांबवलं होतं. लिंबाचं लोणचं त्याने सोडून दिलं आणि बोट ठेवलं ते माझ्या क्रोशाच्या पांढऱ्या कव्हरवर.

"हे काय आहे?"

"टीव्हीचं कव्हर. भावासाठी विणलंय."

"तुमच्याकडे टीव्हीला थंडी वाजते?"

"धूळ बसते," मी म्हटलं. तो हसला आणि बॅग पुढे सरकवली.

दीपकचं घर न्यू जर्सीत, पार्सिपनीला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं हळद-कुंकवासारखी पिवळी-लाल झाली होती. मी कौतुक करत होते, मीना नावं सांगत होती, दीपक मात्र गप्प गाडी चालवत होता. शेवटी मीच विचारलं, "काय रे, ऑफिसचं काय?"

"गुरुवारी कळेल, ताई."

त्याची कंपनी टीव्हीला जोडायच्या खेळांचे डबे बनवते. डब्यात खेळाचं कार्ट्रिज (जाड कॅसेटसारखं असतं) खोचायचं आणि हातातल्या दांडीने खेळायचं. एके काळी हे डबे घरोघरी गेले. मग बाजारात इतके रद्दी खेळ आले की लोक विटले, दुकानदारही विटले. आता कंपनीने नवा, जास्त ताकदीचा डबा बनवला होता. गुरुवारी खेळण्यांच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीचा खरेदीदार तो बघायला येणार होता. तो नाही म्हणाला, तर दीपकचा विभाग बंद.

घरी पोचल्यावर पहिली फजिती: इथला टीव्ही लाकडी कपाटाएवढा. माझं कव्हर त्याच्या डोक्यावर रुमालासारखं दिसायला लागलं. मीनाने प्रेमाने घडी घालून ठेवलं.

रविवारी सकाळी मॉलमध्ये (एका छपराखाली सगळी दुकानं) गेलो. दालचिनीची साखर लावलेले गरम डोनट खाल्ले. आपल्या बालूशाहीचे हे दूरचे नातेवाईक. खेळण्यांच्या दुकानात दाराशीच एक तारेची टोपली होती, जुन्या कार्ट्रिजनी शिगोशीग भरलेली. मी तिथल्या पिकल्या केसांच्या विक्रेतीला विचारलं, "हे कोणी घेत नाही का?"

"लोकांच्या घरी यांनीच भरलेले खण आहेत, मॅडम. लोक विचारतात, नव्या मशीनमध्ये हे चालतील का? मी नाही म्हणते. ते घरी जातात."

मी माझ्या प्रवासाच्या वहीत लिहून घेतलं. गाडीत बसताना दीपकला म्हटलं, "अरे, नवा मिक्सर घेताना मी आधी विचारते, जुनी भांडी बसतात का? तुझ्या डब्यात जुनी कार्ट्रिज बसतात?"

"बसायची. त्यासाठी एक जास्तीची चिप लागते. ती आम्ही ड्रॉप केली."

"का?"

"स्वस्त पडावं म्हणून. ताई, प्लीज, यार, रविवार आहे!"

नमुन्याचा एक डबा दीपकने घरी तपासायला आणला होता. सोमवारी तो आणि मीना कामावर, नेहा शाळेत. मी दिवाणखाना झाडला, पुसला. तो काळा डबा टीव्हीजवळ उघडाच पडलेला. मनात म्हटलं, माप अगदी बरोबर! कव्हर काढलं, घातलं, चारी कोपरे नीट बसवले. आतून तो चालूच आहे, हे मला माहीत नव्हतं. दीपकने तो दिवसभराच्या चाचणीसाठी मुद्दाम चालू ठेवला होता.

दुपारी नेहा घरी आली आणि ओरडली, "आत्या, यू कुक्ड इट!"

जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. वरच्या जाळीवाटे गरम हवा बाहेर पडायची, आणि त्या जाळीवर माझी दोन महिन्यांची मेहनत पसरली होती. डबा मेला होता.

दीपक आला. त्याने कव्हर उचललं, डब्याला हात लावला आणि खाली जमिनीवरच बसला. मी म्हटलं, "चूक माझी. काय करायचं ते सांग."

त्याने हातातलं कव्हर उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "ताई, तिकडे सगळेच झाकतात?"

"रेडिओ, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन. न झाकलेली वस्तू दाखव."

मीना स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिकडेच कशाला? शेजारची डोरोथी टीव्हीवर कुंडी ठेवते. आणि तुझ्या स्वतःच्या स्टिरिओवर मासिकांचा ढीग आहे!"

दीपकने स्टिरिओकडे पाहिलं आणि हसू लागला, अगदी लहानपणीसारखा, खांदे हलवत. "लॅबमध्ये कोणी त्याच्यावर काही ठेवलंच नाही. आम्ही सगळे त्याला घाबरून असायचो." मग म्हणाला, "तुझी वही आण."

आम्ही दोन ओळी लिहिल्या. एक: हवेची जाळी वरून काढून बाजूंना. दोन: जुन्या कार्ट्रिजची चिप परत.

बुधवारपर्यंत त्याच्या माणसांनी ऑफिसातल्या दुसऱ्या नमुन्याला बाजूंना भोकं पाडली आणि ती चिप हाताने जोडली. गुरुवारी संध्याकाळी दीपक घरी आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "खरेदीदाराने पिशवीतून काय काढलं सांग? स्वतःच्या मुलाचं जुनं कार्ट्रिज."

"चाललं?"

"चाललं! त्याने डब्यावर कॉफीचा कप ठेवला, तरी चाललं. पण हो म्हणाला नाही. हाताने भोकं पाडलेला नको, कारखान्यातून आलेला डबा दाखवा म्हणाला. तोवर विभाग चालू."

मी परत निघताना विमानतळावर नेहाने मिठी मारली आणि कानात मराठीत म्हणाली, "आत्या, परत ये. काहीतरी अजून बिघडव."

आता नागपूरला घरी बसून वही पुरी करते आहे. भेटवस्तू वाटल्या. पत्रं लिहिली. बॅगा माळ्यावर गेल्या. माणसांनी यंत्राला जपायचं हे मला लहानपणापासून माहीत होतं. यंत्रानेही माणसांच्या सवयी सांभाळायच्या असतात, हे मी पार्सिपनीत पाहिलं. शेवटची एक ओळ राहिली आहे: दीपकच्या नव्या डब्याचं कव्हर, बाजू मोकळ्या. दोरा आणला आहे, सुई काढून ठेवली आहे. कारखान्यातून पहिला डबा आला की तो मापं कळवणार आहे. मापं अजून आलेली नाहीत.