काकवी घातलेली बिअर

प्लॅस्टिकची बाटली अंगठ्याने दाबून काका म्हणायचे, "अजून मऊ आहे." बाटली घट्ट लागली की समजायचं, घरी केलेल्या बिअरने गॅस धरला. कोर्टातून परत आल्यावर "काय झालं?" विचारलं तरी उत्तर तेच. "अजून मऊ आहे."

आखातात, जिदहफ्समध्ये आम्ही काहीजण एका खोलीत राहायचो. काका संगमेश्वरकडचे, मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन. मालक वर्कशॉप बंद करून पळाला आणि कागदांवर सह्या निघाल्या काकांच्या. केस झाली, ट्रॅव्हल बॅन लागला; निकाल लागेपर्यंत देश सोडता येईना. सुट्टीच्या दिवशी ते बसने बुदैयाच्या किनाऱ्यावर जात, पाण्याकडे बघत उभे राहत आणि परत येत.

घरी बिअर करणं कायद्यात बसत नव्हतं. "काका, एक केस पुरे नाही का?" मी म्हणायचो.

"कोर्टाची वाट बघून थकलो रे. बिअरची बघितली तर ती होते तरी."

तुम्ही त्यांना बाटल्या भरताना बघायला हवं होतं. भरताना बिअरमध्ये थोडं गोड घालावं लागतं, त्यावर यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि फेस येतो. ते गोड कुठलं, यावर काका दिवसचे दिवस घालवत. साखर घातली की "हॉटेलातली वाटते". खजुराचा पाक घातला की "ही इथलीच झाली". मध घातला, तेव्हा नुसतीच मान हलवली.

मी सुट्टीवर गावी निघालो तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरी गेलो, तर काकूंनी काकवीचा डबा हातात दिला. "घावनाबरोबर आवडते त्यांना," एवढंच म्हणाल्या. ते कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही.

मी परत आल्यावर काकांनी डबा उघडून वास घेतला. दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग थोडी काकवी पाण्यात उकळून, गार करून बाटल्यांत घातली.

"काकूंनी खायला दिली होती," मी म्हणालो.

"लेकीचं लग्न आहे. इथल्या चार माणसांचं तोंड गोड करायला नको?"

लग्न त्यांनी फोनवर पाहिलं. अक्षता पडल्या तसे खोलीत उभे राहिले, मोकळे हात वर केले. नंतर आम्हा सगळ्यांना पेले भरून दिले. फेस छान आला होता. स्वतः एक घोट घेतला, म्हणाले, "घरची लागते." पेला खाली ठेवला आणि मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसले.

पुढच्या वर्षी मी कायमचा परत निघालो. काका एअरपोर्टला आले, पण दारातच थांबले.

"आत चला की, काका."

"नको. आत आलो तर पाय ऐकायचे नाहीत."

मी ट्रॉलीवरच्या बॅगा उचलून आत गेलो आणि काचेतून वळून पाहिलं. माझी रिकामी ट्रॉली धरून ते उभे होते. कुणीतरी ती मागितली. त्यांनी लगेच देऊन टाकली, आणि मग हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.