एक गोळी कमी

आमच्या कारखान्यात ताईंना सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर नाही, मागून. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती! शर्टांच्या कारखान्यात शेवटचं टेबल त्यांचं. शिवून झालेला प्रत्येक शर्ट त्यांच्या हाताखालून जायचा. आधी कॉलर, मग खांद्याची शिवण, मग काजं, मग उलटा करून आतले दोरे. एक टाका सुटलेला दिसला की शर्ट परत, आणि परत म्हणजे ज्या मशीनवरून आला तिथे, सगळ्यांच्या देखत. मी कॉलर लावायच्या मशीनवर होते आणि घरात त्यांची धाकटी जाऊ. तुम्हाला वाटेल, घरचं माणूस म्हणून दोन-चार कॉलरी चालून गेल्या असतील. छे! बावीस वर्षांत एक नाही. उलट माझा शर्ट त्या दोनदा बघायच्या. संध्याकाळी मी घरी येऊन भांडी आपटायची, तर त्या म्हणायच्या, "भांडी आपट हवी तेवढी, पण उद्या कॉलर सरळ लाव."

पंचावन्नाव्या वर्षी त्यांना जेवण जाईनासं झालं. पित्त असेल, पित्त असेल करत आम्ही तीन महिने घालवले. मग दुर्बीण घालून पाहिलं तर पोटाचा कॅन्सर, तोही यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. पहिल्या केमोनं गाठ सहा महिने दबली आणि पुन्हा वाढली. दुसऱ्या केमोला तर तिनं दादच दिली नाही. केस गेले, वजन गेलं, आणि गाठ आपली मजेत.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाच्या चाचणीचं सांगितलं. नवी गोळी होती. गाठ वाढायला तिला रक्त लागतं, त्यासाठी ती नव्या शिरा फुटवून घेते. ही गोळी नेमकी त्या शिरांनाच अडवते. पण उपयोग होतो की नाही, किती होतो, ते अजून पाहायचं होतं. म्हणून तिघांतल्या दोघांना खरी गोळी आणि एकाला दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली, ते पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

मी ताडकन म्हणाले, "म्हणजे मरणाऱ्या माणसाला तुम्ही खोटी गोळी देणार?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्मजात आजार. मरणाऱ्या हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. भावजी, म्हणजे ताईंचे यजमान, खाली बघत बसले. ताईंनी मात्र संमतीच्या कागदाची पानं उलटली, सगळी चौदा, आणि विचारलं, "ह्याच्याशिवाय माझ्यासाठी दुसरं औषध आहे का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं कमी ठेवायची औषधं आहेत, ती मिळतीलच. गाठीवरचं आता नाही."

"मग ठीक," ताई म्हणाल्या आणि सही केली.

रोज सकाळी दोन गोळ्या. दर चार आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या बाटलीसकट परत न्यायच्या, नर्स मोजणार. शिवाय एक वही, तीत घेतलेली गोळी, झालेली उलटी, जेवलेला घास, सगळं लिहायचं. ताईंना हे काम इतकं आवडलं की विचारू नका. तपासणीचं टेबल जणू घरी आलं. भावजींनी एक दिवस "आज जरा बरं वाटतंय असं लिही" म्हटलं, तर म्हणाल्या, "वाटत नाहीये, कसं लिहू?"

मला चैन कुठली! खऱ्या गोळीनं तळहात लाल होतात, सोलतात, रक्तदाब वाढतो, असं कागदावर होतं. दवाखान्यात आमच्या शेजारी बसणाऱ्या एका बाईंचे तळहात भाजल्यासारखे झाले होते. आमच्या ताईंचे हात मात्र स्वच्छ. मी रोज कपडे द्यायच्या निमित्तानं त्यांचा हात धरून बघायची. लाली नाही, काही नाही. जिचं वाईट होऊ नये तिच्याच हाताची सालं निघावीत म्हणून मी देवाला हात जोडत होते, आता बोला!

तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. दुपारी ताई झोपल्या होत्या. मी बाटलीतून एक गोळी काढली, ओट्यावर ठेवून सुरीनं कापली आणि अर्धी जिभेवर धरली. खरं औषध कडू असतं, खोटं कशाला कडू करतील, असा माझा हिशेब. चव लागेना. म्हणून चावली आणि गिळून टाकली. अर्धी उरली ती घाबरून मोरीत टाकली. मग स्टुलावर बसून स्वतःचे तळहात बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कळलं काहीच नाही आणि गोळी मात्र गेली.

संध्याकाळी ताईंनी नेहमीप्रमाणे मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे बावीस वर्षांत माझी एक कॉलर टिकली नव्हती, मी काय टिकणार? सगळं ओकले.

"थुंकलीस की गिळलीस?" त्यांनी विचारलं.

"गिळली. अर्धी."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली उशाशी ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्या रात्री झोप नाही. गोळ्यांचा मेळ बसला नाही तर ताईंना चाचणीतून काढतील, आणि त्यांच्यापाशी त्या बाटलीशिवाय दुसरं काहीही नव्हतं. माझ्या एका चावण्यापायी! सकाळी मी त्यांचे पाय धरले. "ताई, मोरीत पडली म्हणून सांगा. एकदाच." त्यांनी पाय ओढून घेतले, एवढंच.

मोजणीच्या दिवशी नर्सनं गोळ्या ताटलीत ओतल्या, दोन-दोन करून सरकवल्या आणि मान वर केली. "एक कमी आहे, मावशी."

ताई नर्सकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या हातून मोरीत पडली."

ज्या बाईनं सख्ख्या जावेचा एक टाका कधी सोडला नाही, ती माझ्यासाठी खोटं बोलली! आणि काय सांगू, ते मला ऐकवेना. मी म्हणाले, "नाही हो, मी खाल्ली. मी चोरून खाल्ली. ह्यांना काढू नका, मला काय करायचं ते करा."

नर्सनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मला रागावून घेतलं, रक्तदाब मोजला, पंधरा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. ताईंना काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणाल्या. झालं ते झालं तसं लिहायचं, म्हणजे पुढच्या पेशंटांना चुकीची माहिती जात नाही. चवीवरून तर कळणारच नव्हतं, दोन्ही गोळ्यांची चव सारखीच ठेवतात.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "जन्मात एकदा खोटं बोलले, तेही तुझ्याच्यानं राहू दिलं गेलं नाही." आणि जिना उतरेपर्यंत हसत होत्या. मीही हसले. भावजींना काय चाललंय ते कळेना.

पुढचे तीन महिने गाठ तेवढीच राहिली. ताई थोडं जेवायच्या, गॅलरीत बसून माझ्या नातीच्या फ्रॉकची शिवण तपासायच्या. मी म्हणायची, बघा, खरीच गोळी आहे. हात सोलले नाहीत तर नाही, सगळ्यांचे कुठे सोलतात? पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली.

त्या चाचणीचा नियम असा होता की गाठ वाढली की गोळी थांबवायची आणि कुठली होती ते उघड करून सांगायचं. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि खुर्ची ताईंच्या जवळ ओढून घेतली. ताईंना औषध नसलेली गोळी मिळाली होती. पहिल्या दिवसापासून.

भावजींनी चष्मा काढला. मला वाटलं आता टेबल उलथून टाकावं. पाच महिने! वेळेवर उठून, वहीत लिहून, पाण्याच्या घोटाबरोबर काहीच नाही? पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत ताई माझ्याकडे वळल्या. चेहरा असा मोकळा झालेला, जसा गेल्या वर्षभरात मी पाहिला नव्हता.

"म्हणजे तुझ्याही पोटात काही गेलं नाही ना!" त्या म्हणाल्या. "चला, सुटले. तेवढीच धास्ती लागून राहिली होती मला."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, भोकाड पसरलं. "अहो ताई, जरा स्वतःचं बघा की हो!"

"माझं बघायला तुम्ही आहात की सगळे," त्या म्हणाल्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, वही परत द्यायची का.