सत्त्वातलं दूध

मुलुंडला आम्ही दोन खोल्यांत राहायचो. मी कारखान्यात पॅकिंगला जायचे आणि माझ्या सात महिन्यांच्या पोरीला सासूबाई सांभाळायच्या. माझं दूध लवकर आटलं, त्यामुळे पोर बाटलीवर. ऐंशी सालानंतरची गोष्ट. तिला ताप आला, जुलाब झाले. दुकानातून आणलेल्या औषधाने ताप उतरला, जुलाब काही थांबेनात. दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात पोट टम्म फुगायचं, गुडगुडायचं आणि फेसाळ, आंबूस वासाचं पाणी व्हायचं. ढुंगण लालेलाल. आधी आम्ही दृष्ट काढली. मग दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुलाबाने आतडं नाजूक झालंय. दुधातली साखर पचत नाहीये. काही आठवडे दूध बंद. सोयाबीनची पावडर द्या, पेज द्या, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा."

सासूबाई मालवणच्या. त्यांच्या गळी हे उतरेना. "दुधाबिगर पोर जगतला काय?" असं दिवसभर चालायचं. मी बाटली माळ्यावर टाकली. तरी चार दिवसांनी जुलाब तसेच. पोरीचे डोळे खोल गेले, रडायलाही जोर उरला नाही. माझं डोकं सणकलं, आणि मी जात्याच तोंडाची फटकळ.

"मी कामावर गेले की चोरून दूध पाजता ना तुम्ही? मारून टाकाल तिला."

त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मला ती खोटी वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एकटीच पोरीला घेऊन गेले. सकाळपासून पोटात काय काय जातं ते डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारलं. मी सांगत गेले. पेज, पावडर, सकाळी नाचणीचं सत्त्व.

"सत्त्व कशात शिजवता?"

"दुधात," मी म्हटलं. कामावर जाण्याआधी सत्त्व रोज मीच शिजवायचे. दूध बंद म्हणजे बाटली बंद, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

त्या दिवसापासून सत्त्व पाण्यात शिजवलं. तीन दिवसांत जुलाब थांबले. पोर वाचली. पुढे महिन्याभराने चमचा चमचा दूधही पचायला लागलं.

जुलाब थांबले त्या संध्याकाळी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पोरीला तेल चोळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "ह्या माझ्या हातून झाला असता, तर तू माका ह्या घरात ठेवलं असतंस काय गो?"

नसतं ठेवलं. मी तेलाची वाटी त्यांच्या हाताशी सरकवली, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.