उघड्या कार्डावरचं 'प्रिय'

घराबाहेर पडताना मराठी मुलगी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. मी एकदा 'जाते' म्हणाले. चांगलं ठणकावून म्हणाले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्यावरून अजूनही कुणी मला शहाणपण शिकवायला येतं, तेव्हा मी त्याला आधी सगळी हकिकत ऐकवते.

एकाहत्तर सालची गोष्ट. मी नगरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, वसतिगृहात राहत होते. घर देवळाली प्रवऱ्याला; वडील, म्हणजे आमचे दादा, ऊस करायचे. कॉलेज सुटलं की मी एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे जायची. त्या एका जुन्या मिशन बंगल्याच्या आवारात राहायच्या. बंगल्याच्या माळ्यावर त्यांना एक पत्र्याची पेटी सापडली होती, आणि पेटीत सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिकन पत्रं. ती मराठीत आणायचं बाईंनी मनावर घेतलं होतं. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून वाचायला आणि लिहायला मी.

पत्रं एका तरुण बाईची. लग्न झाल्या झाल्या ती नवऱ्याबरोबर शिडाच्या जहाजातून चार महिने समुद्रावर काढून मुंबईला उतरली होती, आणि तिथून बैलगाडीनं नगरला. माहेरी एकटा बाप. जहाज बुडालं तर पत्रही बुडणार, म्हणून प्रत्येक पत्राची नक्कल ती एका वहीत ठेवी. बापाची उत्तरं वेगळी बांधलेली. त्यातलं पहिलं उघडलं तर सगळ्या ओळी एकमेकींत गुंतलेल्या. मला वाटलं, भिजून वाया गेलं. बाई हसल्या, त्यांनी कागद आडवा फिरवला. म्हाताऱ्यानं पान भरल्यावर तेच पान फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच आडव्या ओळी लिहिल्या होत्या. टपाल महाग, कागद एकच, आणि लेकीला सांगायचं तर पुष्कळ.

काय सांगायचा तो? गाय व्याली, सफरचंदांना कीड लागली, आणि मध्येच, काही लाज न बाळगता: रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन येतो, तू यायची नाहीस हे ठाऊक असून. लेक लिहायची: बाबा, तुमच्या हातांचे मुके घेते. हे मराठीत उतरवताना माझे कान तापायचे. आमच्याकडे बापाला लिहायचं म्हणजे 'तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम'. त्या क्षेमात आपण रडतोय की हसतोय, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

मी 'प्रिय बाबा' लिहिलं ते बाईंनी कुरकुरत चालवून घेतलं. गोऱ्यांचं असायचंच तसं, म्हणाल्या. पण जहाजावर चढण्याआधीच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, 'बाबा, मी जाते.' तिथं त्या अडल्या. लाल पेन्सिलीनं त्यांनी 'येते' केलं. मी पुन्हा 'जाते' केलं. असं तीनदा झालं.

"मराठीत लेक जाते म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

"मग या लेकीला मराठीत आणलीत कशाला?" मी म्हटलं. "ती गेली ती गेलीच. तिची कबर तुमच्याच आवारात आहे, बाई."

बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही मुद्दाम विचारलं नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून हा असा.

पुढल्या वर्षी परीक्षा झाली आणि मला चंद्रपूरच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. राहुरीहून मनमाड, तिथून वर्धा, तिथून पुन्हा गाडी बदलून चंद्रपूर. दादांना हा प्रवास ऐकूनच घेरी आली. लग्नाची पोरगी, एकटी, एवढ्या लांब. भावकी काय म्हणेल, सोयरे काय म्हणतील. आठ दिवस घरात नुसती धुसफूस. शेवटी ते ओट्यावर बसून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "जायाचं आसंल तर जा. पर मंग ह्या दारात येऊ नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ट्रंक उचलली. आई मागून पदर धरून पुटपुटत होती, येते म्हन गं बाई, येते म्हन. मी त्या पाठीकडे बघून म्हणाले, "जाते." आणि खरंच गेले. राहुरीच्या स्टेशनापर्यंत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मनमाडला मात्र प्लॅटफॉर्मवर बसून पोटभर रडून घेतलं, कारण तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं.

चंद्रपूरहून मी दादांना तीन कार्डं पाठवली. तिन्ही रीतसर: तीर्थरूप, साष्टांग, क्षेम, कळावे. एकाचंही उत्तर नाही. दादांना छापील वाचता येई, हाताचं अक्षर लागत नसे. पण उत्तर लिहून द्यायला गावात माणसं काय कमी होती? त्यांना उत्तर द्यायचंच नव्हतं. मग माझं डोकं फिरलं. एका रविवारी चौथं कार्ड घेतलं आणि वर लिहिलं, 'प्रिय दादा'. लिहीत सुटले. तुमची फार आठवण येते, इथलं पाणी गोड लागत नाही, तुमच्या हातांचे मुके घेते. कार्ड भरलं, मन भरलं नाही. मग त्या अमेरिकन म्हाताऱ्यासारखं कार्ड फिरवलं आणि लिहिलेल्यावरूनच आडव्या ओळी लिहिल्या.

पोस्टकार्ड उघडं असतं, एवढं साधं भान मला राहिलं नाही.

आमचा पोस्टमन कार्डं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचा, चार माणसं ऐकायला जमायचीच. त्यानं 'प्रिय' वाचलं आणि थांबला. मुक्यांपर्यंत गेला आणि त्यानं कार्ड खाली केलं. बापाला कुणी प्रिय लिहितं का? त्यानं तिथल्या तिथं निकाल दिला: हे पत्र पोरीनं तिकडल्या कुणा दादाला लिहिलंय, आणि सवयीनं पत्ता घरचा पडलाय. आडव्या ओळी कुणाला लागेनात, म्हणजे त्यात तर आणखी भयंकर काही असणार. संध्याकाळपर्यंत माझं लफडं वेशीबाहेर पोचलं. हे सगळं आईनं मला नंतर सांगितलं, कपाळावर हात मारत.

नगरच्या पलीकडं कधी न गेलेला माझा बाप दोन गाड्या बदलून, विचारत विचारत चंद्रपूरला आला. मी शाळेतून परतले तर खोलीच्या पायरीवर बसलेले. धोतर मळलेलं, डोळे लाल. पाणी दिलं, घेतलं नाही. कोपरीच्या खिशातून कार्ड काढून माझ्यासमोर धरलं.

"ह्यो कोन?"

"कोण कोण?"

"ह्यो दादा. ज्याला प्रिय लिव्हलंय."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा राग आला, हसू आलं आणि रडूही फुटलं, काय आवरावं समजेना. "तुम्ही," मी म्हटलं. "मला दुसरा कुठला दादा आहे?"

ते बघतच राहिले. मग कार्ड पुढं करून म्हणाले, "मंग ह्ये आडवं वाच."

मी कार्ड फिरवलं आणि वाचलं. 'तुम्ही जा म्हणालात म्हणून मी जाते म्हणाले. तुम्ही ये म्हणाला असतात तरी मी गेलेच असते. पण येते म्हणून गेले असते.'

दादांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, नीट खिशात ठेवलं आणि मग पाणी मागितलं. दोन तांबे प्याले.

ते तीन दिवस राहिले. माझ्या हातचं खाऊन नावं ठेवली, शाळेचं फाटक लांबून बघून आले. जाताना मी त्यांना सांगून टाकलं, तीर्थरूप यापुढं माझ्याकडून होणार नाही, गावानं काय हसायचं ते हसावं. त्यांनी नुसतं 'हं' केलं. गाडी आली, ते खिडकीशी बसले. शिट्टी झाली तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ते लिव्हतीस ते लिव्ह," खाली बघत म्हणाले. "पर कार्डावर नको. पाकिटात घालत जा."

गाडी हलली. मग मान वर करून ते म्हणाले, "येतो."

मी म्हटलं, "या."