तळ्यापर्यंत सायकलने

जपानमध्ये त्सुकुबाला आल्यावर दुसऱ्या वर्षी आम्ही एक जुनी गाडी घेतली. पांढरी, उंच, डब्यासारखी. मागची अर्धी सीट पाडली की दोन सायकली आत मावायच्या आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर आमची मुलगी. ती तेव्हा चार वर्षांची होती. नवरा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे इथे कामाला होता आणि मी माझी नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले होते.

रविवारी सायकली गाडीत टाकायच्या आणि मोठ्या तळ्यावर जायचं. काठाने सपाट रस्ता होता. त्यावर तासभर सायकल चालवायची, बटाट्याची भाजी घातलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खायच्या आणि सायकली परत गाडीत घालून घरी यायचं. खालच्या मजल्यावरच्या जपानी आजोबांना याचं फार हसू यायचं. "म्हणजे तुम्ही सायकलींनाच फिरवून आणता," ते म्हणायचे. घरापासून तळ्यापर्यंत सायकलने जाता आलं असतं, पण ट्रकचा रस्ता, मुलगी लहान, आणि रविवार तर एकच. तेव्हा गाडीच बरी वाटायची.

त्या नोव्हेंबरात सासरे गेले. साताऱ्याजवळच्या साखर कारखान्यात ते फिटर होते आणि निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. पहाटे दिरांचा फोन आला, "आबांना दवाखान्यात नेलंय, दादाला निघायला सांग." तिकीट मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर दुसरा फोन येऊन गेला होता. मुलीला ताप होता, म्हणून मी मागे राहिले. नवरा एकटाच गेला. थांबण्यासारखं नव्हतं, त्यामुळे अग्नी दिरांनी दिला. हा पोचला तो थेट राख सावडायला.

तेराव्यानंतर तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. ऑफिसातल्या लोकांनी वाकून दुःख व्यक्त केलं, तिथल्या रीतीप्रमाणे पांढऱ्या पाकिटातून पैसे दिले, आणि सगळे पुन्हा प्रोजेक्टला लागले. घरी तो जेवायचा, मुलीला गोष्ट वाचून दाखवायचा, कचरा वेगळा करून ठेवायचा. फक्त बोलायचा नाही. मी काही विचारलं की "हं" म्हणायचा. मला वाटायचं, चाललंय ते चालू द्यावं, माणसाला वेळ लागतो.

जानेवारीत एका रविवारी मी गाडीत सायकली चढवायला घेतल्या, तर तो म्हणाला, "माझी राहू दे. मी इथूनच चालवत येतो."

"एवढं लांब? या थंडीत?"

"तुम्ही या गाडीने. तिथे भेटू."

मी गाडी चालवायची परीक्षा नुकतीच, दोनदा नापास होऊन, पास झाले होते. मुलीला मागे बसवलं आणि गेले. तळ्याच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघी हीटर लावून बसलो. बऱ्याच वेळाने तो आला. कान लाल झालेले, ओठ फुटलेले. आल्यावर तो पाणी प्यायला आणि तळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी माझी सायकल काढली, मुलीला मागच्या सीटवर बांधलं आणि म्हटलं, "चल, काठाने एक फेरी मारू." तो आला, पण चार हात पुढेच राहिला. परत जातानाही तो सायकलनेच गेला.

मग दर रविवारी हेच सुरू झालं. आम्ही त्याला वाटेत गाठायचो. मुलगी काचेतून हात हलवायची आणि तो मान खाली घालून पेडल मारत असायचा. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. आठवड्यातला एक दिवस, त्यातही तो रस्त्यावर एकटा आणि मी गाडीत मुलीबरोबर एकटी. ऑफिसलाही तो आता गाडी न नेता रोज चालत जायला लागला होता. शनिवारी बाजारहाटाला मी एकटीच गाडी काढायचे. त्याला काही ना काही काम निघायचं. हे सगळं एकच आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका रविवारी आभाळ भरलेलं होतं. तळ्याकडून उलटा, ओला वारा सुटला होता. आम्ही पोचलो, वाट बघितली, मुलीने डब्यातलं अर्धं खाऊन टाकलं. त्याचा पत्ता नाही. फोन लावला तर नुसती रिंग. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी गाडी वळवली आणि आलेल्याच रस्त्याने हळूहळू परत निघाले, दोन्ही बाजूंना बघत.

शहराबाहेर कमळकंदाची शेतं लागतात. हिवाळ्यात ती म्हणजे नुसता काळा चिखल आणि त्यात मोडून पडलेले वाळके देठ. तिथल्या एका बांधावर तो बसला होता. सायकल बाजूला आडवी पडलेली. मी गाडी कडेला लावून धावले.

"काय झालं? पडलास का?"

"नाही. वारा आहे."

"फोन का नाही उचललास?"

त्याने खिसा चाचपला, जणू फोन आहे हे आत्ताच आठवलं. मी म्हटलं, "चल, सायकल मागे टाकू. घरी जाऊ."

"गाडीत नाही."

"अरे, गारठून मरशील."

"मला बसवत नाही गं," तो म्हणाला. आणि मग तीन महिन्यांत बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला. "तेव्हा मी नुसता बसून होतो. विमानतळाच्या बसमध्ये बसलो. विमानात बसलो. सिंगापूरला पुढच्या विमानासाठी बसलो. मुंबईपासून टॅक्सीत बसलो. तिकडे आबांना उचलून नेलं, पेटवलं, आणि मी पट्टा लावून बसलेलो. हातपाय धड असून काही करता येत नव्हतं. खंडाळ्यात ड्रायव्हर म्हणाला, साहेब, काही खाऊन घ्या. मी वडा खाल्ला. गरम होता. मला आवडला तो. बाप मेला होता आणि मला वडा आवडला."

मी त्याच्या शेजारी ओल्या बांधावर बसले. गाडीतून मुलीने काच खाली करून हाक मारली, "सामुई!" थंडी वाजते म्हणून. मराठीत विचारलेल्या प्रश्नांनाही ती तेव्हा जपानीतच उत्तर द्यायची.

"अरे, भूक लागतेच माणसाला," मी शेवटी म्हटलं. "आईंनीसुद्धा त्या दिवशी चहा घेतला होता. मला वन्संनी सांगितलं."

"तिने घेतला?"

"दोनदा घेतला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल, पण रडला नाही. उठला आणि सायकल सरळ केली.

"घरी की तळ्यावर?" मी विचारलं.

"निम्म्याच्या वर आलोय. जातो."

पुढच्या चौकात चोवीस तास उघडं असणारं दुकान होतं. तिथे विचारून मी गाडी ठेवली, माझी सायकल काढली, मुलीला रेनकोट चढवून मागे बसवलं आणि त्याच्या मागोमाग निघाले. त्या वाऱ्यात माझी बास्केटवाली जड सायकल पुढेच सरकेना. ट्रक गेला की अंगावर चिखल उडायचा. मुलगी माझ्या पाठीत डोकं खुपसून बसली होती. तो वळून बघायचा, थांबायचा, आम्ही गाठलं की पुन्हा निघायचा. तळं आलं तेव्हा दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी आणि आभाळ एकाच राखी रंगाचं, आणि काठावर एक चिटपाखरू नाही. आम्ही उरलेली पोळी तिघांत वाटून उभ्याउभ्याच खाल्ली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. वर्षश्राद्धाला आम्ही तिघं गेलो. मुंबईपासून पुढे टॅक्सीत तो सारखी गाडी थांबवायला लावत होता आणि उतरून उगाच उभा राहत होता. पुढे ओसाकाची बदली आली. तिथे गाडीची गरज नव्हती, ती विकली, आणि सायकली नाशिकहून नव्याने आलेल्या एका जोडप्याला दिल्या. ओसाकात त्याने पुन्हा सायकल घेतली नाही. मी एकदा विचारलंही, तर म्हणाला, "इथे कुठे जायचंय?"

मुलगी आता कॉलेजात आहे. मध्यंतरी तिची मैत्रीण घरी आली होती. दोघींचं जपानीत बोलणं चाललं होतं, लहानपणी रविवारी काय करायचो त्याचं. मुलगी म्हणाली, "आमच्याकडे शर्यत असायची. बाबा सायकलने, मी आणि आई गाडीने. दर वेळी आम्हीच जिंकायचो."

नवरा बाल्कनीत कपडे वाळत घालत होता. त्याला ऐकू गेलं असणार. त्याने एक टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि पुढचा उचलला.