रोटाचा भाऊबंद

नाती जोडण्याच्या कामी माझ्या बालमित्राइतका उधळ्या माणूस उभ्या खानदेशात झाला नसेल. माणूस दिसला की त्याला कुठल्या तरी नात्यात बसवल्याशिवाय याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. साक्रीहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीचा कंडक्टर त्याचा मामा. "मामा, भाचाना तिकीट फाडतस का कधी?" असं तो इतक्या गहिवरून विचारी, की मामा आधी गडबडे, मग तिकीट फाडी आणि वर दोन शिव्या देई. आमचे गणिताचे मास्तर जेमतेम तिशीचे, लग्नासाठी मुली बघत होते. त्यांना याने आजोबा करून टाकलं आणि भर वर्गात वाकून नमस्कार केला. किराणा दुकानातली मारवाडीण त्याची बहीण. राखीला तिचे सख्खे भाऊ थेट राजस्थानातून आले, तरी त्यांच्याआधी याचा हात पुढे.

तो गावातल्या मोठ्या पाटील घराण्यातला, मी गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला. आमच्या गावात जातपात अजिबात नव्हती, असं ज्यांचे ओटे उंच होते ते सगळे सांगत. मलाही सगळे प्रेमाने 'भाऊ' म्हणत. फक्त ते प्रेम ओट्याच्या पायरीशी येऊन थांबे.

श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसे. नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवायची आणि तिच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे जाडजूड पोळी, फक्त भाऊबंदकीतल्यांनी खायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल, आम्ही आठवीत होतो. मांडवाचे केळीचे खांब मी ओढून आणले, तोरणं मी बांधली. पंगत बसायच्या वेळी मित्राचे मोठे काका, ज्यांना सारं गाव आबा म्हणे, माझ्यापाशी आले आणि अगदी मायेने म्हणाले, "वाईट मानू नको, भाऊ. रोट घरना लोकेसनीच खावाना ऱ्हास. आमन्या पोरीस्लेबी भेटस नही." नियम चोख होता. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही जो मिळत नाही, तो मला कसा मिळणार? जातीचं नावसुद्धा निघालं नाही. फक्त त्यांची लेक आत चुलीपाशी बसून दुसरं काहीतरी खात होती आणि मी बाहेर चिखलात उभा होतो.

एवढ्यात आमचे मित्रमहाशय तोंडातला घास न गिळताच बाहेर आले. शर्टाच्या खिशातून तूप गळत होतं. मला गोठ्यामागे नेऊन त्याने रोट माझ्या तोंडात कोंबला. "खाई ले. आते तू मना भाऊबंद व्हयना."

ही गोष्ट त्याने पोटात ठेवायला हवी होती. पण त्याच्या पोटात रोट मावत, गोष्ट मावत नसे. दुसऱ्या दिवशी नदीवर देवी बोळवताना त्याने अख्ख्या घराण्यासमोर ती जाहीर केली. देवी कोपेल म्हणून काही जण घाबरले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की भाऊबंद म्हटला म्हणजे हा उद्या वावरात हिस्सा मागेल. तेव्हा मात्र सगळेच घाबरले. शेवटी आबांनी निवाडा दिला: खिशात गेला की तो रोट राहत नाही, नुसती पोळी होते. देवी सुटली, जमीनही सुटली. मित्राला असा चोप बसला की पुढे कित्येक दिवस तो उपडा झोपत होता.

त्याने तो निवाडा कधीच मानला नाही. भाऊबंदकीचे हक्क मला मिळवून देणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून त्याने नुसती कर्तव्यंच माझ्या गळ्यात मारली. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात मी पेढा उचलला तर हा ओरडला, "ठेव खाली! आपला शिरपूरना चुलत आजा वारना. तुले सुतक शे!" ज्या आजोबाने जन्मात मला पायरी चढू दिली नसती, त्याच्यासाठी मी पेढा खाली ठेवला. पुढे मी जळगावला नोकरीला लागलो. तरी दर श्रावणात हा डबा घेऊन एसटीने येई आणि वाळून कडक झालेला रोट समोर बसून मला खायला लावी.

मग एका उन्हाळ्यात साक्रीच्या अलीकडे ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. जागीच गेला.

दहाव्याला मी नदीवर गेलो. भाऊबंद डोकं भादरून घ्यायला ओळीने बसले होते. मी शेवटी जाऊन बसलो. न्हावी थबकला आणि आबांकडे बघू लागला. आबा पाण्याकडे बघतच म्हणाले, "त्यानंबी भादर."

घरी पंगत आत बसली. माझं ताट ओट्यावर मांडलं होतं. इतक्या वर्षांत ओट्यापर्यंत तरी मजल गेली होती. उठून जावंसं वाटलं, पण त्याच्या नावाचं जेवण होतं, टाकवेना.

संध्याकाळी वस्तीत आलो. माझ्या वडिलांनी असले विधी केव्हाच सोडले होते आणि आम्हालाही सोडायला लावले होते. आता चांगलंच ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला.

"बसू दिधं का त्यासनी?"

"बसू दिधं, नाना."

जेवणाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तो असता तर त्याला न सांगता कळलं असतं. आबांच्या दारात जाऊन त्याने भर गल्लीत तमाशा केला असता, मार खाल्ला असता. मला तो फार हवा होता.